मेल सर्व्हरवर स्पॅमसाठी सापळा पत्ते लावताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरी पूर्वेला कस्टम्स क्लिअरिंग आणि फ्रेट फॉरवर्डिंगचं ऑफिस, साठेक मेलबॉक्स, मेलची ने-आण करणारा स्वतःचा पोस्टफिक्स सर्व्हर आणि त्याला जोडलेलं रिस्पॅमडी हे स्पॅम-फिल्टर. स्पॅम वाढलंय, मालक वैतागलेत. कुणीतरी सुचवलंय की खोटे पत्ते तयार करा, त्यांच्यावर येईल ते सगळं स्पॅम समजा आणि पाठवणाऱ्याला ब्लॉक करा. असे पत्ते कसे बनवायचे, कुठे पेरायचे, आणि कॅच-ऑल चालू करून डोमेनवरचे सगळेच चुकीचे पत्ते सापळे म्हणून वापरले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेवढं एक काम कुणीही दोन मिनिटांत करून मोकळं होतं: कॅच-ऑल चालू करू नका. ते लावलं की तुमच्या डोमेनवर जगातला कुठलाही पत्ता 'आहे' असं सर्व्हर सांगायला लागतो. समजा शिपिंग लाइनमधल्या कुणी बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट पाठवताना 'डॉक्युमेंट्स' या पत्त्यातला शेवटचा 'एस' गाळला. आज तुमचा सर्व्हर ५५० हा नकाराचा कोड देऊन मेल नाकारतो, त्या माणसाला लगेच बाउन्स जातो, तो पत्ता नीट बघून पुन्हा पाठवतो. कॅच-ऑल असेल तर मेल 'पोचला', सापळ्यात पडला, फिल्टर त्या शिपिंग लाइनलाच स्पॅमर म्हणून शिकला, आणि इकडे न्हावा शेवा बंदरात फ्री डेज, म्हणजे फुकट ठेवण्याचे दिवस, संपून कंटेनरवर डिमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढायला लागलं. शिवाय नावांच्या याद्या घेऊन अंदाजाने पत्ते ठोकत जाणारे बॉट असतात. त्यांना प्रत्येक पत्त्यावर २५०, म्हणजे होकाराचा कोड, मिळाला की सगळी यादीच 'चालू पत्ते' म्हणून पुढे विकली जाते. डिस्क भरते ती वेगळीच.

सापळा पत्त्याची सगळी किंमत एका गोष्टीत असते: त्या पत्त्यावर मेल टाकायला भल्या माणसाकडे काहीही कारण नसलं पाहिजे. ना पार्टीकडे, ना बँकेकडे, ना तुमच्याच ऑफिसातल्या कुणाकडे. हे जितकं पक्कं, तितका तिथे आलेल्या मेलवर भरवसा ठेवता येतो. सर्व्हरवरची सेटिंग्ज अर्ध्या दिवसात उरकतात. पत्ता कोरा ठेवण्याचं काम मात्र सापळा चालू आहे तोवर संपत नाही, आणि सापळे बिघडतात ते बहुतेक याच बाजूने.

नवे पत्ते शोधून काढण्याआधी लॉग उघडा. तुमच्या डोमेनवर नसलेल्या पत्त्यांना आजही मेल येतच असणार. पोस्टफिक्स ते 'यूझर अननोन' म्हणून परत लावतो आणि त्याची नोंद करतो. मागच्या पाच-सहा महिन्यांच्या नोंदींतून हे नाकारलेले पत्ते वेगळे काढा आणि कुठला किती वेळा आला त्या क्रमाने लावा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे ते तुमच्याकडे असायला हवेत. नसतील तर सापळे नंतर, आधी लॉग रोटेशन, म्हणजे जुने लॉग किती दिवस ठेवायचे ते, नीट करा.

या यादीत तीन जातींचे पत्ते एकत्र सापडतील. पहिले नोकरी सोडून गेलेल्यांचे. दुसरे चालू पत्त्यांची चुकलेली स्पेलिंगं. तिसरे म्हणजे ज्यांचा तुमच्याशी काडीचा संबंध नाही असे: तुमच्याकडे कधीच नसलेल्या जेसिका आणि रॉबर्ट, नाहीतर नुसती अक्षरं-आकडे. कामाचे ते हे तिसरे. ते कुणाच्या तरी यादीत आधीपासून आहेत, त्यांच्यावर स्पॅम चालू आहे, आणि कोणी भला माणूस तिकडे लिहिणार नाही. नवा पत्ता पेरून तो गोळा होईपर्यंत आठवडे, कधी महिने जातात. इथे पहिल्या दिवसापासून माल मिळतो.

तिसऱ्या जातीतच एक खास प्रकार असतो आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये मेसेज-आयडी असतो: तारीख-वेळ, काही आकडे, मग '@' आणि तुमच्या सर्व्हरचं नाव. पत्ते गोळा करणारे प्रोग्राम '@' दिसला की उचलतात. हा पत्ता आहे की मेसेजचा क्रमांक, हे बघायला त्यांना सवड नसते. त्यामुळे एखाद्या जुन्या मेलिंग लिस्टच्या संग्रहात किंवा व्हायरस लागलेल्या पीसीच्या मेलबॉक्समध्ये तुमचा मेल पडलेला असला तर त्याचा मेसेज-आयडीच 'पत्ता' म्हणून याद्यांमध्ये फिरू लागतो. नाकारलेल्या पत्त्यांमध्ये वीस-बावीस आकड्यांची लांबलचक शेपटी दिसली तर ती बहुधा हीच. माणूस असा पत्ता टाइप करत नाही, अंदाजाने ठोकणारा बॉटही तिथे पोचत नाही. सापळा म्हणून याहून शुद्ध माल मिळत नाही. फक्त तो सर्व्हरच्या पूर्ण नावावर असतो, नुसत्या डोमेनवर नाही, म्हणून पोस्टफिक्स त्या नावासाठीही मेल घेतो ना ते पाहून घ्या.

दुसऱ्या जातीला, म्हणजे चुकलेल्या स्पेलिंगांना, हात लावू नका. मोठमोठ्या मेल सेवांच्या नावांशी मिळतीजुळती डोमेनं घेऊन सापळे चालवणारे लोक आहेत, पण त्यांचं काम निराळं. त्यांना कुठली कंपनी न विचारता याद्या भरते ते शोधायचं असतं. तुमच्या डोमेनवर चुकलेलं स्पेलिंग म्हणजे नव्वद टक्के वेळा खरा ग्राहक. आपल्याकडे तर नावांचं स्पेलिंग हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला. वैद्य व्ही लावून लिहायचे की डब्ल्यू लावून, दीपकमध्ये डबल ई की आय, लक्ष्मीच्या मधोमध एक्स की के-एस-एच. शिंदे आणि शेंडे यांत इंग्रजीत एका अक्षराचा फरक, आणि दोन्ही आडनावांची माणसं पुढच्या वर्षी तुमच्याकडे कामाला लागू शकतात. म्हणून सापळ्याला कुठलंही चालू भारतीय नाव नको, आणि इन्फो, सेल्स, एचआर, अकाउंट्स, करिअर असले शब्द तर मुळीच नकोत. ग्राहक पत्ता शोधायचा कंटाळा करतो आणि हे अंदाजाने टाकून बघतो. पोस्टमास्टर आणि अब्यूज हे पत्ते खरे आणि चालू असलेच पाहिजेत. पहिला तर मेल पाठवण्याच्या एसएमटीपी मानकातच सक्तीचा आहे, दुसरा १९९७च्या आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या दस्तऐवजात दिलेला आहे. त्यांच्यावर स्पॅम धो-धो येतं हे खरं, पण तुमच्या सर्व्हरवरून काही वेडंवाकडं बाहेर गेलं तर लोक कळवतात तेही तिथेच. तुमच्या डोमेनच्या नावाने खोटे मेल जातात का ते सांगणारे डीमार्कचे अहवाल ज्या पत्त्यावर येतात तोही डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत, उघडा असतो. त्यालाही सापळा करता येत नाही.

आता पेरणी. पत्ते गोळा करण्याचा धंदा स्पॅमइतकाच जुना आहे. ३ मे १९७८ला डीईसी कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना कॉम्प्युटरची जाहिरात धाडली, तेव्हा पत्ते छापील डिरेक्टरीतून काढून टाइप केले होते. आता ते काम वेबसाइट चाळणारे बॉट करतात. तुमच्या साइटच्या 'संपर्क' पानावर एक पत्ता असा ठेवायचा की माणसाला दिसणार नाही, पण पानाचा कोड वाचणाऱ्याला सापडेल. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं हा जुना उपाय वाईट. पान सिलेक्ट केलं की ती अक्षरं उमटतात, आणि दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर ती मोठ्याने वाचून दाखवतो. स्टाइलमध्ये 'डिस्प्ले नन' लावलं की दोन्ही प्रश्न सुटतात. काही हुशार बॉट आता पान ब्राउझरसारखं उघडून लपवलेला मजकूर गाळतात, म्हणून दुसरा पत्ता एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये टाका. तिथे ब्राउझर जात नाही, पण नुसती '@' शोधणारे जातात. वेब डेव्हलपरला हे काय आहे ते नीट समजावून सांगा, नाहीतर पुढच्या वेळी साइट नवी करताना तो 'हा पत्ता चुकून लपलाय' म्हणून फूटरमध्ये ठळक अक्षरांत लावून मोकळा होईल.

थोडी हौस आणि थोडं पीएचपी येत असेल तर याहून रंजक गोष्ट करता येते. पान उघडणाऱ्या प्रत्येकाला वेगळा पत्ता द्यायचा आणि कुठल्या आयपीला, किती वाजता, कुठला पत्ता दिला ते लिहून ठेवायचं. पुढे त्या पत्त्यावर स्पॅम आलं की पत्ता कुणी, कधी उचलला ते कळतं. २००४ साली सुरू झालेलं प्रोजेक्ट हनीपॉट याच तत्त्वावर चालतं. पत्ता उचलणारा आणि स्पॅम पाठवणारा सहसा निरनिराळ्या मशीनवर असतात, आणि या पद्धतीने दोघांची गाठ घालता येते. साठ मेलबॉक्सच्या ऑफिसला याची गरज नाही. पण एक डोमेन रिकामं पडून असेल तर त्याचा एमएक्स, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ती नोंद, या कामी देता येतो.

सर्व्हरवर बसवताना एका जागी बरेच जण घसरतात. पोस्टफिक्समध्ये 'चेक रेसिपियंट ॲक्सेस'च्या तक्त्यात सापळा पत्त्यापुढे 'डिस्कार्ड' किंवा 'रीडायरेक्ट' लिहायचा मोह होतो, कारण एका ओळीत काम होतं. पण या दोन्ही कृती पूर्ण मेसेजला लागू होतात, त्या एका पत्त्यापुरत्या नाहीत. म्हणजे एकाच मेलमध्ये सापळा आणि तुमच्या डॉक्युमेंटेशन डिपार्टमेंटमधला माणूस दोघंही असतील, तर त्या माणसाची प्रतही गायब होते किंवा सापळ्याच्या मेलबॉक्समध्ये जाते, आणि लॉग नीट न वाचणाऱ्याला ती का आली नाही हे कधीच उमगत नाही. त्याऐवजी व्हर्च्युअल अलियासच्या तक्त्यात सगळे सापळे एका मेलबॉक्सकडे वळवा. अलियास प्रत्येक पत्त्याला स्वतंत्रपणे लागतो. मिल्टर, म्हणजे पोस्टफिक्सला रिस्पॅमडीशी जोडणारा दुवा, मूळ पत्ता आरसीपीटीच्या, म्हणजे मेल कुणाला ते पाठवणारा सांगतो त्या टप्प्यावरच बघतो, त्यामुळे अलियास लावला तरी मेल कुठल्या सापळ्यावर आला ते रिस्पॅमडीला कळतं.

त्या मेलबॉक्सला लॉगिन नको, ऑटो-रिप्लाय नको, 'सुट्टीवर आहे' नको, फॉरवर्ड नको. सापळ्यातून बाहेर काहीही जाता कामा नये. स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा तिसऱ्याच कुणाचा तरी चोरलेला असतो; उत्तर किंवा बाउन्स गेला तर तो त्या बिचाऱ्याच्या माथी, आणि असं वारंवार झालं की तुमचा सर्व्हरच ब्लॉकलिस्टवर. मेलबॉक्स वेगळ्या पार्टिशनवर ठेवा, कोटा लावा, महिन्याहून जुने मेल क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने, उडवा. ऑफिसच्या बॅकअपमधूनही तो वगळा. नाहीतर अँटिव्हायरस रोज पहाटे त्यातल्या अटॅचमेंटवरून बोंब मारेल आणि शेवटी कुणीतरी अँटिव्हायरसच बंद करेल.

मेल घ्यायचा की नाकारायचा? नुसती नोंद हवी असेल तर आरसीपीटीवरच ५५० देऊन आयपी टिपता येतो. पण मग मजकूर मिळत नाही, आणि सापळ्याचा खरा उपयोग मजकुरात आहे. म्हणून घ्यायचाच. मात्र पोस्टस्क्रीन (पोस्टफिक्सचा दारावरचा पहारेकरी) आणि स्पॅमहाऊसच्या स्पॅमर-आयपींच्या याद्या सापळ्याच्या पुढेच राहू द्या. सापळ्यात जास्त माल यावा म्हणून बाहेरचे अडसर काढणारे लोक मी पाहिलेत, ते उलटं आहे. दारातच अडकणाऱ्या स्पॅमचं फिल्टरला काय शिकवायचं? जे बाहेरच्या चाळणीतून निसटतं, म्हणजे कुणाच्या तरी चोरलेल्या खऱ्या खात्यावरून किंवा रोज नव्या आयपीवरून थोडं थोडं येणारं, तेच सापळ्यात पडायला हवं. जाता जाता एक: सर्व्हर गूगलचा किंवा तत्सम सार्वजनिक डीएनएस वापरत असेल तर स्पॅमहाऊस मोफत विचारणीला नीट उत्तर देत नाही. स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर चालवा. सापळ्यांकडे वळण्याआधी एवढं केलं तरी अर्धी तक्रार मिटलेली मी काही ऑफिसांत बघितली आहे.

रिस्पॅमडीमध्ये सापळ्यांसाठी वेगळं मॉड्यूल आहे, नावही 'स्पॅमट्रॅप'च. ते मुळात बंद असतं. पत्त्यांची यादी द्यायची, आणि फझी (त्याचं पुढे येतं) शिकायचं की बेझ, म्हणजे शब्दांवरून स्पॅमची शक्यता काढणं, शिकायचं की दोन्ही, ते सांगायचं. लॉगिन करून पाठवलेले आणि आतल्या नेटवर्कमधून आलेले मेल ते वगळतं. ते तसंच राहू द्या. कारण तुमच्याकडचा कुणीतरी एक दिवस स्पॅमला 'रिप्लाय ऑल' करून 'प्लीज रिमूव्ह माय नेम' लिहिणारच, आणि 'टू'च्या ओळीत सापळा असला की त्याचा स्वतःचा मेल, सही आणि कंपनीच्या पत्त्यासकट, स्पॅम म्हणून शिकला जाईल. हे शिकवायचं नाही, पण लॉगमध्ये बघायचं जरूर. लॉगिन करून सापळ्यावर मेल पाठवणारा माणूस 'रिप्लाय ऑल'वाला निघाला नाही, तर त्याचा पासवर्ड दुसऱ्याच कुणाकडे आहे, आणि हे तुम्हाला ब्लॉकलिस्टवर जाण्याआधी कळतंय.

बेझ आणि फझी यांत मी फझीला जास्त महत्त्व देतो. फझी म्हणजे मजकुराचा ठसा. दोन-चार शब्द बदलले तरी तो जुळतो, आणि एकदा नोंदवला की पुढच्याच मेलला लागू होतो. इथे ग्रेलिस्टिंगची जोड कमालीची उपयोगी पडते. रिस्पॅमडी संशयास्पद मेलला पहिल्यांदा 'थोड्या वेळाने या' म्हणतं, मुळात ठरलेला वेळ पाच मिनिटांचा. एखादी लाट सकाळी दहाला सुरू झाली आणि त्यातला एक मेल सापळ्यावर पडला, तर साठ जणांसाठीचे मेल पाच-दहा मिनिटांनी परत येईपर्यंत त्यांचा ठसा तयार असतो. ग्रेलिस्टिंगमधून मिळालेली ही फट सापळ्याने भरून काढायची. त्यासाठी लाट पोचेल तितके सापळे हवेत. एकाच पत्त्यावर विसंबू नका, पण शंभरही नकोत. दहा-पंधरा पुरतात.

बेझचं तसं नाही. त्याला दोन्ही बाजू लागतात. स्पॅमअसॅसिन हे दुसरं फिल्टर आणि रिस्पॅमडी, दोघांचंही बेझ मुळात किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय निकाल देत नाही. सापळ्यातून स्पॅमचा नळ चालू राहतो, पण चांगले मेल कुणी हाताने शिकवत नाही, आणि काही महिन्यांत पारडं एका बाजूला कलतं. तुमच्या धंद्यात याचा त्रास जास्त, कारण तुमचे खरे मेल दिसायला स्पॅमसारखेच असतात: 'अर्जंट', 'पेमेंट', 'इन्व्हॉइस अटॅच्ड', अनोळखी देशातला पाठवणारा, झिप फाइल. म्हणून ऑपरेशन्सच्या चार-पाच जणांच्या संमतीने त्यांच्या जुन्या फोल्डरांतले मेल चांगले म्हणून शिकवा, आणि दर आठवड्याला थोडे थोडे शिकवत राहा. मराठी, हिंदी, गुजरातीतले मेलही त्यात येऊ द्यात. स्पॅमअसॅसिनवाल्यांनी 'एसए-लर्न' हा शिकवण्याचा प्रोग्राम क्रॉनमध्ये टाकताना मूळ फाइलच द्यावी. मेल फॉरवर्ड करून शिकवला तर मूळ हेडर जातात, तुमच्याच सर्व्हरची हेडर चिकटतात, आणि फिल्टर तुमच्या ऑफिसलाच स्पॅमचं लक्षण समजू लागतो.

आता मालकांच्या आवडीचा भाग, ब्लॉक करणं. सापळ्यावर मेल आला की आयपी कायमचा बंद, ही कल्पना ऐकायला छान वाटते. पण गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो यांचे बाहेर जाणारे सर्व्हर लाखो लोकांत वाटलेले असतात. त्यातल्या एका चोरलेल्या खात्यावरून सापळ्यावर मेल आला म्हणून तो आयपी बंद केलात, तर दुपारपर्यंत अर्ध्या पार्ट्यांचे मेल अडकतील. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा स्पॅमडी हा स्पॅम अडवणारा प्रोग्राम सापळ्यात सापडलेल्याला मुळात २४ तासच काळ्या यादीत ठेवतो; बॉट एका आयपीवर सहसा फार काळ राहत नाहीत, त्यामुळे तो हिशेब बरोबर आहे. मी त्याहूनही सौम्य वागतो. सापळ्यावर आलेल्या आयपींची यादी एका छोट्या स्क्रिप्टने लॉगमधून काढून रिस्पॅमडीच्या मल्टिमॅप या मॉड्यूलला द्यायची, चोवीस तासांनी नोंद काढून टाकायची, आणि त्या आयपीवरून येणाऱ्या मेलला तीन-चार गुण जादा द्यायचे. रिस्पॅमडीत मुळात ४ गुणांवर ग्रेलिस्ट, ६ वर स्पॅमचं हेडर आणि १५ वर नकार अशी पायरी असते. म्हणजे नुसत्या सापळ्याच्या जोरावर कुणी नाकारला जात नाही, पण जो आधीच कडेवर आहे तो पलीकडे जातो. मोठ्या सेवांचे आयपी या यादीतून वगळा. आयपीव्ही६ असेल तर एकेक पत्ता न टिपता त्याचा /६४, म्हणजे पत्त्यांचा अख्खा गट, टिपा. एका भाड्याच्या सर्व्हरकडे तेवढे पत्ते सहज असतात आणि तो दर मेलला नवा वापरू शकतो.

सोडून गेलेल्या माणसांच्या पत्त्यांबद्दल विचारणा नेहमी होते. मोह समजतो, पण घाई नको. फ्लॅट विकून पाच वर्षं झाली तरी वीजबिल जुन्या मालकाच्या नावाने येत राहतं, तसं बँक, विमा, पीएफ, विमान कंपनी, सगळे त्या पत्त्यावर इमानेइतबारे लिहीत राहतात. निदान वर्षभर त्या पत्त्यावर ५५० चालू ठेवा. ज्यांना बाउन्स वाचता येतो ते तेवढ्यात पत्ता काढतात. त्यानंतरही जे येतं ते बहुतेक आळशी न्यूजलेटरवाल्यांचं. स्पॅमर त्यात कमीच. असा पत्ता आयपी अडवायला किंवा फझी शिकवायला वापरू नका. शिवाय गेलेल्या माणसाचे खाजगी मेल एका सामाईक मेलबॉक्समध्ये साठवणं २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या अंगानेही अडचणीचं आहे. माझं मत, हे पत्ते सापळ्यासाठी सोडूनच द्यावेत.

सापळ्यात काय येणार नाही तेही मालकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे नंतर बोलणी बसणार नाहीत. कर्जत-नेरळचे एनए प्लॉट, जीएसटी रिटर्न भरून देणारे, एक्सेलचे वीकएंड कोर्स, लोन देतो म्हणणारे: हे लोक वेबसाइट चाळत नाहीत. ते याद्या विकत घेतात, आणि त्या याद्या व्हिजिटिंग कार्डांवरून, प्रदर्शनांतल्या नोंदवहीतून, कुणाच्या तरी एक्सेल फाइलमधून बनतात. त्यात तुमचा खरा पत्ता असतो, सापळा नसतो. यासाठी दुसरी युक्ती. पोस्टफिक्समध्ये 'रेसिपियंट डिलिमिटर' म्हणून '+' ठेवलं की नाव, अधिक चिन्ह आणि पुढे काहीही लिहिलेला पत्ता मूळ माणसाकडेच पोचतो. प्रदर्शनात, पोर्टलवर, व्हेंडर नोंदणीत दर ठिकाणी वेगळी शेपटी द्या. स्पॅम कुठल्या शेपटीवर आलं यावरून यादी कुठून फुटली ते कळतं, आणि ती एक शेपटी बंद करता येते. काही फॉर्म '+' घेत नाहीत. त्यांच्यासाठी डिलिमिटर म्हणून वजाचिन्ह चालतं, पण आधी कुठल्या खऱ्या पत्त्यात ते नाही ना हे तपासा. हा सापळा नव्हे, कारण या शेपटीवर खरा मेलही येतो. तो शिकवण्याच्या यादीत कधीही घालू नका.

सापळा बिघडवणारी आणखी एक गोष्ट: कुणीतरी तो पत्ता खऱ्या कंपनीच्या न्यूजलेटरला नोंदवतो. मुद्दाम, नाहीतर यादी विकणाऱ्याने आपोआप. मग 'नोंदणी पक्की करण्यासाठी इथे क्लिक करा' असा एक मेल येतो. ती कंपनी नियमाने वागतेय. क्लिक झालं नाही की ती गप्प बसते. पण तुमच्याकडे लिंक उघडून तपासणारं एखादं सुरक्षा साधन सापळ्याच्या मेलबॉक्सवरही चालू असेल, तर तेच क्लिक करून नोंदणी पक्की करतं आणि मग दर आठवड्याला येणारं ते पत्रक तुम्ही स्पॅम म्हणून शिकत बसता. म्हणून सापळ्यावर लिंक तपासणी बंद. 'अनसबस्क्राइब'लाही हात लावायचा नाही. एकदा-दोनदाच लिहून थांबलेल्यांचा आयपी यादीत घालू नये, निदान दोन वेगवेगळ्या सापळ्यांवर आल्याशिवाय तर नाहीच. ही एक अट लावली की निम्म्याहून जास्त चुकीचे निकाल जागीच थांबतात.

पत्त्यांची यादी कुणाकुणाला माहीत असावी? तुम्ही आणि तुमच्या गैरहजेरीत सर्व्हर बघणारा, बस्स. यादी मेलने पाठवू नका, तिकिटात चिकटवू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. आउटलुक एकदा टाइप केलेला पत्ता लक्षात ठेवतं आणि पुढे कुणालाही सुचवतं. तुम्ही चाचणीसाठी ऑफिसच्या खात्यावरून सापळ्याला मेल टाकलात की ते सुरू झालं. चाचणी बाहेरच्या, लगेच टाकून द्यायच्या खात्यावरून करा, मजकुरात जीट्यूब या स्पॅम-चाचणीची ठरलेली ओळ टाका म्हणजे फिल्टर तिला हमखास स्पॅम म्हणेल, आणि चाचणी संपेपर्यंत शिकण्याचं बंद ठेवा.

पहिला महिना शिकवणं आणि गुण दोन्ही बंद ठेवून नुसतं बघा. रोज पाच मिनिटं सापळ्याच्या मेलबॉक्समधले विषय आणि पाठवणारे साध्या टर्मिनलवर चाळा, मेल क्लायंटमध्ये उघडू नका. त्यातली चित्रं लोड झाली की पत्ता जिवंत असल्याची खबर जाते. ज्या पत्त्यावर एकही खरा मेल आला, मग तो एअरलाइनचा अरायव्हल नोटीस असो की कुणाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका, तो पत्ता त्याच दिवशी यादीतून काढा आणि त्यावर पुन्हा ५५० लावा. महिन्याअखेरीस जे उरतील त्यांच्यावर आधी फझी सुरू करा, पंधरा दिवसांनी बेझ, आणि आयपीचे गुण सगळ्यात शेवटी.